जर्मनची गाडी

आमचं लातूरला भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे ‘जर्मन’ हा शब्द मला आधी दुकानातल्या फळीवर भेटला आणि नकाशावर नंतर. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात, जर्मनची घागर. स्टील घेणारं गिऱ्हाईक वेगळं, पितळ घेणारं वेगळं आणि “हलकं काहीतरी द्या, जर्मनमधलं” म्हणणारं वेगळं. इंग्रजी शाळेत भूगोलाच्या बाईंनी भिंतीवरच्या नकाशात जर्मनी दाखवली, तेव्हा मला वाटलं, तिथे सगळं पांढरं आणि चकचकीत असणार आणि जरा धक्का लागला की चेपत असणार. हे मी वर्गात बोलले नाही. मी वर्गात काहीच बोलत नसे.

मी सहावीत असताना अप्पांनी जर्मन गाडी घेतली आणि सगळ्या बाजारपेठेला आठवडाभर पुरेल एवढा विनोद मिळाला. “भांडेवाल्यानं गाडी बी जर्मनमधलीच घेतली बघा!” समोरचे कापडवाले येता-जाता विचारायचे, “काय अप्पा, सांडशीनं धरता का स्टिअरिंग?” अप्पा हसायचे. दुकानदार माणसाला हसावंच लागतं.

गाडी नवी नव्हतीच. सोलापूरच्या एका डॉक्टरांनी वापरलेली, चार दारांची, डिझेलवर चालणारी. रंग मूळचा पांढरा, पण आमच्या दारात आली तेव्हा दुधावरच्या सायीसारखा झालेला. मीटरवर दीड लाखाच्या वर किलोमीटर होते. आईनं तो आकडा ऐकला आणि कपाळाला हात लावला.

“आपण लोकांची मोड घेतो, आणि तुम्ही दुसऱ्याची मोड विकत आणलीत?” मोड म्हणजे जुनी, फुटकी भांडी. ती देऊन लोक नवी घेतात.

“मोड न्हाई, जड माल हाय,” अप्पा म्हणाले. “दार लावून बघ एकदा.”

आईनं नाही, मी लावलं. आमच्या ओळखीच्या सगळ्या गाड्यांची दारं टण्ण करून लागायची. हे दार धप्प करून लागलं, धान्याचं पोतं फरशीवर टाकावं तसं. मी उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं. अप्पा म्हणाले, “पुरे, बिजागरी झिजंल.” पण बिजागरी झिजली नाही. मी ती पुढं बरीच वर्षं तपासत राहिले.

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं, इंग्रजीत. घरात इंग्रजी सलग वाचता येणारी मी एकटीच. रविवारी जेवण झालं की अप्पा सतरंजीवर आडवे व्हायचे आणि म्हणायचे, “वाच गं पोथी.” मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायची. मला मराठी शब्द सापडायचे नाहीत, अप्पांना इंग्रजी कळायचं नाही, मग आम्ही दोघं मिळून हातवारे करायचो. ऑइल किती दिवसांनी बदलायचं, कूलंट म्हणजे नुसतं पाणी का नाही, थंडीत चावी फिरवल्यावर पिवळा दिवा विझेपर्यंत का थांबायचं. पाहुण्यांसमोर मला धड नाव सांगता यायचं नाही. या पुस्तकातलं मात्र मी न अडखळता बोलायची. समोर कुणी माझ्याकडे बघत नसायचं, अप्पांचे डोळे मिटलेले असायचे, म्हणूनही असेल.

अप्पा गाडी घेऊन नांदेडला जायचे, हैदराबादला जायचे, माल बघायला, ऑर्डरी घ्यायला. सुट्टीत मी बरोबर. अहमदपूर, लोहा, मग गोदावरीचा पूल. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गाडीला गावातलं चालणं आवडत नाही. दुकान ते घर, घर ते देऊळ, असं आठवडाभर फिरवलं की ती कुरकुरायची, धूर सोडायची. पण नांदेडच्या रस्त्याला लागली, इंजिन नीट तापलं, की तिचा आवाज मोकळा व्हायचा. लांब पळण्यासाठीच केलेलं यंत्र ते. लोक आकडा बघून घाबरतात, पण आकडा कुठं आणि कसा झाला हे कुणी विचारत नाही. मोकळ्या रस्त्यावरचे लाखभर किलोमीटर आणि गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीतले लाखभर, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे मला दहावीच्या आतच समजलं होतं आणि सांगायला कुणी नव्हतं.

बिघडायची ती. उगाच खोटं कशाला बोलू? मागची डावी काच एका पावसाळ्यात खाली गेली ती वर आलीच नाही. एसीचा गॅस जायचा. पुढच्या चाकांचे बुश खडखडायला लागले. नांदेडला गुरुद्वाऱ्याकडे जाताना एक म्हातारे मिस्त्री होते, अप्पा त्यांच्याकडेच जायचे. ते बॉनेट उघडून आत वाकायचे आणि दरवेळी एकच वाक्य म्हणायचे, “इंजन नै मरता बेटी, रबर मरता.” नळ्या, पट्टे, सील, बुश. रबर वेळेवर बदला, तेल वेळेवर बदला, बाकीचं लोखंड तुमच्या नातवंडांनाही पुरेल. मी मान डोलवायची. अप्पा बिल द्यायचे आणि वाटेत म्हणायचे, “रबराचंच दुकान टाकायला पायजे होतं.”

मी गाडी शिकले ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवर. तिसऱ्या रविवारी अप्पा माझ्या शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायला लागले. त्याहून मोठं प्रशस्तिपत्र मला कधी मिळालेलं नाही. बसमध्ये बसलं की शेजारची बाई विचारते, कुठली गं, कुणाची गं, लग्नाचं बघायलेत का. गाडीत कुणी काही विचारत नाही. एकदा काचा लावल्या (तीन काचा, चौथी कायमची प्लॅस्टिकनं बांधलेली) की मी मोठ्यानं बोलायची सुद्धा. गाडीशीच. “हं, आता तिसरा घे,” असं काहीबाही.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येतं हे विचारणंच लोकांनी सोडलं होतं. दुकानात स्टीलच्या डब्यांवर धूळ बसली आणि जर्मनच्या घागरी मात्र संपायच्या, कारण लांबून पाणी आणायचं तर घागर हलकी पाहिजे. गाडी धुवायची तर सोयच नव्हती. मी ती कोरड्या फडक्यानं पुसायची, आणि दुपारपर्यंत ती पुन्हा मातकट. एकदा कुणीतरी मागच्या काचेवरच्या धुळीत बोटानं लिहिलं, ‘पानी कवा?’ मी ते दोन दिवस पुसलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मला नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली. राहायचं तिथेच, मुलींच्या वसतिगृहात, शनिवारी घरी यायचं. मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. वसतिगृहाच्या आवारात कडुलिंबाखाली गाडी लावता येईल ती जागासुद्धा मी मुलाखतीच्या दिवशी हेरून ठेवली होती. सोमवारी उजाडताच निघायचं, अहमदपूरला चहा, गोदावरी ओलांडली की कॉलेज. या विचारानं मला रात्री झोप यायची नाही. फक्त एक गोष्ट राहिली होती. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि एके दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, “गाडी देऊन टाकू म्हणतो.”

मी घास तसाच धरला.

“तीन लाखाच्या वर गेली. आता कधी मान टाकील, नेम न्हाई. तू चाललीस नांदेडला, मला दुकानातनं हलता येत न्हाई. उभ्या उभ्या सडंल. चालती हाय तोवर चांगल्या घरी जाईल.” मग माझ्याकडे बघून, “काय गं?”

“हं,” मी म्हणाले.

माझं ‘हं’ आमच्या घरात प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ ज्याला जो पाहिजे तो घेता येतो.

गिऱ्हाईक देवणीचं होतं. अप्पांच्या जुन्या ओळखीचे, आधी बैलबाजारात दलाल. देवणी जातीच्या बैलांची त्यांची पारख तीन जिल्ह्यांत चालायची म्हणे. पण दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली आणि बाजार बसला, तेव्हा ते प्लॉटच्या धंद्यात शिरले. उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा तेव्हा पुन्हा उठली होती. जिल्हा झाला की कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या की साहेब येणार, साहेबांना घरं लागणार. फोनवर ते अप्पांना म्हणाले ते मला शेजारून ऐकू आलं, एवढा त्यांचा आवाज मोठा. “शेठ, छोट्या गाडीतनं उतरलेल्या मानसाकडनं प्लॉट कोन घेत न्हाई. जड गाडी पायजे. दार लावलं की गिऱ्हाईक गप झालं पायजे.”

फोन ठेवून अप्पा म्हणाले, “लातूर जिल्हा झाला तवा मी शाळेत होतो. पेढे वाटले होते. मास्तर म्हणाले, आता नळाला चोवीस तास पानी.” मग ते बराच वेळ हसत राहिले.

रविवारी सकाळी निघालो. अप्पांनी चावी माझ्या हातात ठेवली. “चालव. शेवटचं चालवून घे.” ते प्रेमानंच म्हणाले, आणि मला ते वाक्य निलंगा येईपर्यंत गिळता आलं नाही. दोन्हीकडे शेतं भाजलेली, उसाच्या जागी नुसती खोडकं. गाडी मात्र अशी चालत होती की मला तिचा राग यायला लागला. जरा आवाज कर, जरा धूर सोड, म्हटलं. नाही. लोण्यासारखी.

दलालांचं घर नवं, स्लॅबचं. पुढं मोठं अंगण, त्याला लोखंडी फाटक, ओसरीवर त्यांची आई सूप घेऊन ज्वारी निवडत बसलेली. “शरणार्थी, शरणार्थी” असा दोन्हीकडून नमस्कार झाला. मला त्यांनी विचारलं, “काय गं माय, तू चालवत आलीस?” मी म्हणाले, “हो.” बस.

मग त्यांनी गाडी बघितली. गाडी अशी बघितलेली मी आजवर पाहिली नव्हती. ते आधी मागं गेले आणि मागून बघितलं, उभी कशी आहे ते. मग बाजूनं, पाठ सरळ आहे का. मग बॉनेटवर थाप मारली, वशिंडावर मारावी तशी. चारही चाकांजवळ खाली बसून उठले.

“किती दाती?” त्यांनी विचारलं.

बैलाचं वय दातांवरून सांगतात. दोन दाती, चार दाती, आणि सगळे दात आले की जुळला.

“जुळलीय कवाच,” अप्पा म्हणाले. “तीन लाखाच्या वर चाललीय. खोटं कशाला सांगू?”

“मीटर मागं फिरवलंय का?”

“फिरवलं असतं तर तीन लाख दिसलं असतं का?”

दलाल मोठ्यानं हसले. “हे बी खरंच की!”

“कसली गाडी म्हणायलास रे?” ओसरीवरून त्यांच्या आईनं विचारलं.

“जर्मन हाय माय. जर्मन गाडी.”

म्हातारीचं सूप थांबलं. “जर्मनची?”

“हाव.”

“न्हाई म्हंजे, आपल्या पातेल्याच्या जर्मनची?”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत हसू होतं, पण गिऱ्हाइकाची आई, म्हणून ते आत दाबलेलं. “तसं न्हाई आव्वा. जर्मन म्हंजे देश हाय.”

“तिथनंच येत आसंल की मग जर्मन.”

“येत न्हाई. म्हंजे, ते वेगळं.”

“तुम्हीच की भांडेवाले! तुमच्याच दुकानातनं आणली व्हती मी परात. एकदा दारावर आपटली तर परातीला हा एवढा पोचा आला. आन तुम्ही त्याचीच गाडी इकायलात?” मग मुलाकडे वळून, “घरात जर्मनचं काई नको बाबा. आंबट लागलं की काळं पडतं. आन ट्रक लागला म्हंजे? चेपंल ना रे, पापडावानी!”

दलाल डोकं खाजवत उभे राहिले. म्हातारीचा शब्द त्या घरात चालत होता हे उघड होतं. सौदा मोडत होता. माझ्या डोळ्यांसमोर, मी बोटसुद्धा न हलवता, एका परातीमुळे मोडत होता. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं, आणि गप्प उभं राहण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

“चेपत नाही,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“ही चेपत नाही, आव्वा. हे लोखंड आहे. पोलाद. या इकडे, बघा.” आणि मी त्यांचा हात धरून त्यांना ओसरीवरून उतरवलं. अजून मला कळत नाही तो मी कसा काय धरला. “वाजवून बघा. भांडं घेताना वाजवता ना, तसं.”

म्हातारीनं बोटाच्या पेरानं दारावर टकटक केलं. कान लावला. पुन्हा केलं. मग हातातल्या पाटलीनं केलं.

“बद्द वाजतंय,” त्या म्हणाल्या.

“हो ना! जर्मन कसं वाजतं? टण्ण. आता दार लावा. जोरात नको, नुसतं सोडा.”

धप्प.

“आयाय!” म्हातारी म्हणाली आणि पुन्हा उघडून लावलं.

मग मी थांबलेच नाही. बॉनेट उघडलं. हे इंजिन बघा, तीन लाख चाललं, अजून उघडावं लागलेलं नाही. तेल वेळेवर मिळतं म्हणून. पट्टा बदलला, नळ्या बदलल्या, ही नळी तर मागच्याच वर्षी, नांदेडला. ही लांब पल्ल्याची गाडी आहे, तिला जवळ जवळ फिरवलं की ती रुसते, लांब नेली की खूश. आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर न्यायचीच. पाणी साधं नाही घालायचं, कूलंट घालायचं. चढावर दम खात नाही, खड्ड्यात डोलत नाही, आणि रात्री दिवे असे पडतात की अहमदपूरच्या अलीकडून पलीकडचं दिसतं. शेवटचं जरा वाढवून सांगितलं.

“ही पोरगी रेडिओवानी बोलायली की,” म्हातारी म्हणाली. “लई गुणाची दिसती गाडी.”

अप्पा तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते. दलालांचे डोळे चमकत होते. आणि त्या क्षणी मला कळलं मी काय केलं ते. मी गाडी विकली होती.

“एक चक्कर टाकतो,” दलाल म्हणाले आणि आत बसले. आम्ही अंगणात. गाडी चालू करून त्यांनी फाटकातून बाहेर काढली. समोरच्या गल्लीत टँकर येणार म्हणून घागरींची रांग लागलेली, बायका उन्हात आडोसा धरून बसलेल्या. वळायला म्हणून त्यांनी उजवीकडची दांडी ओढली. त्यांच्या आधीच्या गाडीत उजवीकडे इंडिकेटर असणार. या गाडीत इंडिकेटर डावीकडे आहे आणि उजवीकडे वायपर. दांडी अशी जोरात ओढली की वायपर तर सुरू झालेच, पण त्यांच्याबरोबर काचेवर पाण्याच्या दोन चिळकांड्याही उडाल्या. उन्हात अशा चमकल्या की काय सांगू. एक चिळकांडी टपावरून जाऊन रांगेतल्या एका बाईच्या अंगावर पडली.

मग ती बाई उठून म्हणाली, “आगं बया! गाडीच्या टाकीत पानी हाय! घागर आना गं!”

आणि जो हशा उठला. दलाल घाबरून दांडी सोडवायला गेले, ती पुन्हा ओढली गेली, पुन्हा पाणी. “आम्हाला घागरभर मिळंना, आन मालकांची गाडी आंघोळ करायली!” “मालक, प्लॉटवर पानी हाय पानी हाय म्हणत व्हता, ते हेच का?” दलाल काच खाली करून ओरडत होते, “आरं बंद कसं करायचं हे?” मी धावत गेले, खिडकीतून हात घातला आणि दांडी खाली केली. मी हसत होते. उघड्यावर, दहा-वीस अनोळखी माणसांसमोर, पोट धरून.

दलाल उतरले ते घामाघूम, पण हसतच. माणूस दिलदार होता. “सगळं उलटं हाय हिच्यात,” ते म्हणाले. “सवय व्हईल. खोडीचा बैलच कामाचा असतो.” आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. पंच्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा ठरवतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. आणि पंचा पडला की तिसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, हा नियम. दलालांनी अप्पांचा हात धरला, वर पंचा टाकला. मी अप्पांच्या तोंडाकडे बघत होते. भुवई वर गेली. खाली आली. मान नकारार्थी हलली. दलालांनी पुन्हा काहीतरी दाबलं. अप्पांची मान थांबली. दुकानात भाव पटला की ते खालचा ओठ आत घेतात. त्यांनी ओठ आत घेतला.

“गाडी द्यायची नाही,” मी म्हणाले.

पंचा हलायचा थांबला.

“अप्पा, गाडी मला पाहिजे. नांदेडला न्यायला. मी ठरवलं होतं. सांगितलं नाही, पण ठरवलं होतं.”

अप्पांनी हात बाहेर काढला. दलालांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि मोठा श्वास सोडला. “मधी बोलली. सौदा मोडला,” ते म्हणाले. मग अप्पांना, “शेठ, हिला दुकानात बसवा. आधी माल आभाळाला चढवला, मग काढून घेतला! मी वीस वर्सं दलाली केली, मला न्हाई जमलं हे.”

“आगं मग हे आधी बोलायचं की,” म्हातारी मला म्हणाली. “एवढं गुण गात व्हतीस, मला वाटलं इकायला आलीस.” आणि माझा गाल ओढला. जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. ताटात शेंगदाण्याची चटणी, भाकरी, कांदा. पाणी पेल्यात अर्धंच, पण मला दोनदा विचारून.

परतीला निलंग्याच्या पुढं आलो. अप्पा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, “मान घालवलास.”

“हो.”

“आधी का न्हाई बोलली?”

“तुम्ही विचारलं तेव्हा ‘हं’ म्हटलं.”

“हं म्हंजे काय समजायचं मानसानं?” ते वळले. “वाटंत बंद पडली तर? एकटी पोरगी, लोह्याच्या पुढं, काळोखात?”

“काळोखात निघणारच नाही. आणि बंद पडली तर कशानं पडेल ते मला माहीत आहे. पट्टा बघितलाय. नळ्या नव्या आहेत. डिझेल फिल्टर पुढच्या महिन्यात बदलायचाय, तो मी सोमवारी बदलून घेईन. टायर पुढचे दोन घ्यावे लागतील, तेवढं आहे.”

“पैसे?”

“पहिल्या पगारातून.”

औश्याच्या अलीकडे रस्ता तुंबला होता. टँकरच्या मागे टँकर, लातूरला पाणी घेऊन निघालेले, आणि पुढं कुणाचातरी ट्रक आडवा. दुपारचे दोन-अडीच असतील, मे महिना, डांबर पाघळलेलं. पहिल्या गिअरमध्ये दोन हात पुढं, थांबा, दोन हात पुढं. एसी चालू.

“एसी बंद कर. तापंल,” अप्पा म्हणाले.

“नाही तापणार.”

“तीन लाख चाललेलं इंजिन हाय. बंद कर म्हणतो.”

“अप्पा, काट्याकडे बघा.”

तापमानाचा काटा बरोबर मध्ये होता. अप्पा पुढं झुकले आणि त्याच्याकडे असे बघत बसले, जणू दुकानातला तराजू. पुढच्या टँकरच्या झडपेतून पाणी ठिबकत होतं आणि डांबरावर पडताच वाळत होतं. दोन हात पुढं. थांबा. शेजारची एक नवी कोरी गाडी बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला वाफ सोडत होती, आणि तिचा मालक टँकरवाल्याकडे बाटलीभर पाणी मागत होता. आतून पंखा सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. काटा जागचा हलला नाही. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

ट्रक सरकला. रांग सुटली. मी दुसरा टाकला, तिसरा, आणि तो तिचा मोकळा आवाज आला.

अप्पा मागं टेकून बसले. लातूरची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा म्हणाले, “शनिवारी येताना चारच्या आत निघत जा. आन स्टेपनीत हवा बघून ठेव. स्टेपनी कुनी बघत न्हाई.”